आमेन राहून गेलं तेव्हा

गुरुवारी सकाळी पाणी दोनशे दहा अंश सेल्सियसवर पोचलं, तरी उकळलं नाही. भौतिक रसायनशास्त्राच्या प्राध्यापक सुवार्ताबाई भिंगारदिवे यांनी थर्मामीटर बदलून पाहिला. दोनशे बारा. बीकरमध्ये साधा बुडबुडाही नव्हता.

"गॅस तर सोमवारपासून चालूय, मॅडम," प्रयोगशाळेतले गेनूमामा म्हणाले.

कारण बाईंना ठाऊक होतं. बत्तीस वर्षं त्या बर्नर पेटवण्याआधी डोळे मिटून प्रार्थना करत. पोरं त्याला 'कृती क्रमांक शून्य' म्हणत. सोमवारी त्यांनी प्रार्थनेत नवऱ्याचं, दवाखान्यात पडलेल्या शमुवेलचं नाव घेतलं. "तुझ्या इच्छेप्रमाणे होवो," म्हणाल्या, आणि ती इच्छा काय असेल या धास्तीने जीभ अडली. प्रार्थना संपवणारं आमेन राहिलं. बर्नर मात्र पेटवला.

मंगळवारी चहात साखर विरघळेना. बुधवारी कॉलेजच्या घंटेवर टोल पडला, आवाज निघाला नाही. पोरं बाकांवरून उठलीच नाहीत.

दवाखान्यातून फोन आला. "पेशंटने श्वास आत घेतलाय, तीन दिवस सोडलेला नाही."

"त्रास होतोय का?"

"त्यांना नाही. आम्हाला चादर बदलता येत नाही."

दुपारी चर्चचे पाळकसाहेब आले. "सुवार्ताताई, प्रभुभोजनाचा द्राक्षरस पेल्यात पडत नाही. बाटली उलटी धरली तरी. तेवढा शब्द म्हणून टाका ना."

"हे गेले तर?"

"राहतीलही."

"समतोल असता तर मी धरून बसले असते, पाळकसाहेब. समतोलात दोन्हीकडून कामं चालू असतात. हे नुसतं अडून तापलंय. असल्या पाण्यात कौलाचा एवढासा खडा पडला, तरी ते एकदम उसळतं."

"मग दुरून म्हणा."

"त्यांच्याजवळ जाऊनच म्हणेन."

बर्नर तसाच ठेवून बाई दवाखान्यात गेल्या. शमुवेल छाती फुगवून पडला होता, डोळे उघडे. सलाइनच्या नळीत सोमवारचा थेंब अजून सुटला नव्हता. नळी फुगवून तो पेरूएवढा झाला होता आणि त्यात सगळी खोली उलटी दिसत होती.

"आता म्हणते हं," त्या त्याला म्हणाल्या.



बाईंनी चपला दाराबाहेर काढल्या, थेंबाखाली उभं राहून दोन्ही हातांनी पदर पसरला आणि आमेन म्हणायला तोंड उघडलं.