मी व्हर्नाच्या सॉसची बाटली

मी एक बाटली बोलतेय. जाड, तपकिरी काचेची. तोंडाला चिनी मातीचं बूच आणि ते आवळून धरणारी तार. आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव संशयी आहे. जो तो उचलतो, उलटी करतो, बुडावर थपडा मारतो. मग मी माणसांवर चटकन विश्वास ठेवावा तरी कसा?

माझा जन्म मेलबर्नच्या एका काचकारखान्यातला. सुरुवातीला माझ्यात आल्याचं सरबत भरायचे. पुढे मी क्लॅरीच्या वडिलांच्या शेडमध्ये एका फळीवर पडून राहिले. किती वर्षं, देव जाणे. एका कोळ्याने माझ्या गळ्यात संसार थाटला होता. मग क्लॅरीचं लग्न झालं आणि नव्या नवरीने, व्हर्नाने, मला शोधून काढलं. तिने मला उकळत्या पाण्यात लख्ख केलं आणि त्याच उन्हाळ्यात आपला सॉस माझ्यात भरला. टोमॅटो, आलुबुखार, तपकिरी साखर, व्हिनेगर, मोहरी, लवंग. शेवटी ती चमचाभर चाखायची, डोळे मिटायची आणि कशाची तरी चिमूट टाकायची. कधी ह्याची, कधी त्याची.

तेव्हापासून बेचाळीस वर्षं, दर ईस्टरला आम्ही मरे नदीच्या वळणावर तंबू ठोकतो. तीच वाळू, पाण्यावर वाकलेली तीच निलगिरीची झाडं आणि बरीचशी तीच माणसं. निखाऱ्यांवर एकच मोठी जाळी ठेवतात आणि सगळे आपापलं मांस घेऊन तिच्याभोवती जमतात. सॉस मात्र ज्याचा त्याचा. समोरच्या कॅरव्हॅनमधली नोलीन दुकानातला गोडमिट्ट सॉस आणते, कुणी मोहरीचा आणतं. पण सॉसेज ताटात पडलं की सगळ्यांचे हात माझ्याकडेच वळतात. क्लॅरी तेव्हा असा बसतो, जणू सॉस त्यानेच केलाय.

दर वर्षी आम्ही सहा बाटल्या असायचो. गेल्या वर्षी मी एकटीच आले. “टोमॅटो कमी धरले,” व्हर्ना म्हणाली. मला ते पटलं नाही. परसातली टोमॅटोची झाडं मी खिडकीतून पाहिली होती, फळांच्या भाराने वाकलेली. पण मला कोण विचारतो?

त्या वर्षी आमच्या शेजारी एक नवा माणूस आला. इलिया त्याचं नाव. एकटाच होता. क्रोएशियातून तरुणपणी आलेला, आयुष्यभर ट्रक चालवलेला, पण बोलण्यातला हेल अजून तिकडचा. त्याने खिम्याचे बोटाएवढे लांब गोळे जाळीवर ठेवले आणि माझ्या शेजारी एक बुटकी बरणी आणून टेकवली. भाजलेल्या लाल ढोबळ्या मिरच्यांची चटणी होती तिच्यात. लालभडक, तेलाने चमकणारी. मला ती पहिल्या नजरेलाच आवडली नाही.

“घ्या ना थोडी,” इलियाने चमचा पुढे केला.

“नको मित्रा. आमचा सॉस आहे,” क्लॅरी म्हणाला. मित्रा हा शब्द तो दोनच प्रकारच्या माणसांना वापरतो, फार जवळच्या आणि मुळीच न आवडलेल्या.

व्हर्नाने मात्र चमचा घेतला आणि तोंडात घातला. त्याच क्षणी इलिया ओरडला, “अहो, थांबा! ती तिखट बरणी आहे. मी स्वतः खातो तीसुद्धा पाणी घेऊन!”

व्हर्ना हसली. “छान आहे,” म्हणाली. ना ठसका, ना डोळ्यांत पाणी.

इलिया तिच्याकडे बघतच राहिला. ते बघणं क्लॅरीच्या नजरेतून सुटलं नाही आणि माझ्याही. परक्या माणसाने व्हर्नाकडे एवढं टक लावून बघायचं कारण काय?

दुसऱ्या दिवशी क्लॅरीने मला उन्हात धरलं आणि त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या. त्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर त्याने माझ्या अंगावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर, सॉस होता तिथे, पेन्सिलने रेघ मारली. सकाळी सॉस रेघेच्या खाली! पुन्हा रेघ मारली, पुन्हा तेच. रोज अर्धं बोट.

मी असायचे तंबूबाहेरच्या लाकडी पेटीत, झाकणाखाली, मिट्ट अंधारात. उजाडायच्या आत झाकण किलकिलं व्हायचं, एक गार हात मला उचलायचा, बूच उघडायचा, चमचा भरून घ्यायचा. चेहरा कधी दिसला नाही. आणि त्या वेळी जागा असायचा फक्त इलिया. गळ घेऊन पहाटेच नदीवर जायचा तो. मीही मनातल्या मनात त्यालाच धरलं. एकच गोष्ट खटकायची. तो हात जाताना माझं तोंड फडक्याने हळुवार पुसून ठेवायचा.

“आणि चव बघितलीस?” क्लॅरी नोलीनला बाजूला घेऊन म्हणाला. “दर वर्षीची नाहीये ही. आंबट लागतेय. तो सॉस काढून घेतो आणि वरून व्हिनेगर ओततो.”

“ओततो तर मग सॉस खाली कसा जातो?” नोलीनने विचारलं.

“पुरतं ओतत नाही. बेरकी आहे.”

“अगबाई! तरीच मेला सारखा व्हर्नाला विचारत असतो, कशात काय घालता म्हणून,” नोलीन म्हणाली. दुपारपर्यंत ही गोष्ट अख्ख्या काठावर पसरली. कुणी इलियाच्या गोळ्यांना हात लावेना. त्याच्याशी बोलताना लोक नदीकडे बघायचे.

ईस्टरच्या रविवारी दुपारी जाळीवर मेंढीच्या चापा, हाडासकट कापलेले बरगडीचे तुकडे, चरचरत होत्या. सगळे खुर्च्या टाकून बसले होते. क्लॅरी उठला आणि त्याने मला टेबलावर असं आपटलं की माझी तार वाजली.

“ह्या रेघा बघा,” तो म्हणाला. “पाच रात्री, पाच रेघा. पहाटे उठणारा माणूस इथे एकच आहे. मित्रा, तुझ्या बरण्या आण बघू इकडे. कशात काय दडलंय ते कळू दे सगळ्यांना.”

इलियाने मान वर केली. रागावेल असं मला वाटलं. पण त्याने एकदाच, क्षणभर, व्हर्नाकडे पाहिलं. मग शांतपणे बरण्या आणून टेबलावर ठेवल्या आणि आपली खुर्ची मिटायला लागला.

“काही बोलायचंय का तुला?” क्लॅरी गरजला.

“नाही,” इलिया म्हणाला. “मी आज निघतोच.”

“बघा! गप्प बसला म्हणजे—”

“क्लॅरी, खाली बस,” व्हर्ना म्हणाली. तिचा आवाज एवढा बारीक होता की जाळीवरची चरचर मोठी वाटली. “मी घेते रोज.”

“तू? स्वतःचाच सॉस चोरून कशाला खाशील तू?”

“चव लागते का ते बघायला.”

व्हर्ना हातातल्या फडक्याच्या घड्या करत राहिली. “जुलैत ताप आला होता ना, तेव्हापासून मला कसलीही चव लागत नाही. वासही येत नाही, तिखटही झोंबत नाही. वाटलं, येईल परत. हा सॉस मी नुसत्या हाताच्या अंदाजाने केलाय. एकच बाटली केली. बिघडला असला तर एकच बिघडेल म्हणून. रोज उठले की आधी एक चमचा तोंडात घालते. आज तरी काही कळेल म्हणून.”

“मला का नाही सांगितलंस?”

“काय सांगू? तू दर वर्षी ह्या बाटलीसाठी इथे येतोस.”

क्लॅरी मटकन बसला. फडक्यातला तो हात पाहून मला माझीच लाज वाटली. बेचाळीस वर्षं ज्या हाताने धुतलं, भरलं, पुसलं, तोच मला अंधारात ओळखता आला नव्हता.

“आता खरं सांगा,” व्हर्ना सगळ्यांकडे वळली. “कसा झालाय?”

“नेहमीसारखाच गं, मस्त!” नोलीन घाईघाईने म्हणाली. बाकीचे ताटात बघायला लागले.

“व्हिनेगर जास्त आहे,” इलिया म्हणाला. “आणि लवंगेने बाकी सगळं झाकलंय. माफ करा.”

व्हर्नाचे डोळे भरले, पण ती हसत होती. “हेच हवं होतं मला कुणाकडून तरी. तुम्हाला पहिल्या दिवशीच कळलं होतं ना?”

“ती चटणी खाऊन माझा भाऊसुद्धा रडतो,” इलिया म्हणाला. “तुम्ही सांगितलं नव्हतं, मग मी कसं सांगणार?”

क्लॅरीला माफी मागता येत नाही. त्याने मिटलेली खुर्ची इलियाच्या हातातून काढून घेतली, आपल्या खुर्चीशेजारी उघडली, जाळीवरची सगळ्यात चांगली चाप त्याच्या ताटात वाढली आणि म्हणाला, “ती तिखट बरणी दे इकडे.” चमचाभर खाल्ली आणि खोकत खोकत नदीच्या दिशेने पळत सुटला. त्या सुट्टीत पहिल्यांदाच सगळा काठ एकत्र हसला. इलियाच्या गोळ्यांचा त्या दुपारी एक तुकडाही उरला नाही.

चव काही परत आली नाही. डॉक्टर म्हणतात, येईलही, कुणी सांगावं. ह्या फेब्रुवारीत परसात टोमॅटो पिकले तेव्हा व्हर्ना स्वयंपाकघरात स्टुलावर बसली आणि भांड्यापुढे उभा राहिला क्लॅरी. लग्न झाल्यापासून तो पहिल्यांदाच तिथे उभा राहत होता.

“चाख. कसं लागतंय?”

“बरं आहे.”

“बरं म्हणजे काय? नीट सांग. जिभेवर आधी काय येतं?”

क्लॅरी घाबरला. तसा तो मोजकंच बोलणारा माणूस. पुन्हा चाखलं, डोळे मिटले. “आधी गोड येतं,” तो चाचरत म्हणाला. “मग आंबट, पण टोचत नाही. शेवटी... शेवटी पावसानंतर विझलेल्या शेकोटीपाशी बसल्यासारखं वाटतं.”

व्हर्नाने स्टूल भांड्याजवळ ओढलं. “मग चिमूटभर मोहरी टाक,” म्हणाली, “आणि परत सांग.”

त्या सकाळी त्याने अकरा वेळा चाखलं आणि अकरा वेळा सांगितलं. मग मला भरलं. माझ्याबरोबर आणखी पाच बाटल्या आहेत. परवा आम्ही नदीवर निघू.

वाचकहो, मी अजून संशयीच आहे, ह्या वयात स्वभाव कुठला बदलतोय. पण कुणी प्रेमाने चमचा पुढे केला आणि कसं झालंय विचारलं, तर नुसतं छान म्हणून ताटात बघू नका. चव नीट सांगा. विचारणारीला ती तुमच्याच तोंडून कळणार असेल. येते मी. क्लॅरी बूच लावतोय.