नाव घेतलं

मनगटांना बांधलेल्या पट्ट्या दातांनी तोडू पाहत गुरुबसप्पा ओरडला, "ह्या बाईला भाईर काढा! दुकानात चोर शिरलेत, आन् ही त्यांचीच हाय!"

ती बाई म्हणजे त्याची बायको शांतम्मा. गुरुबसप्पा वैरागच्या पेठेतला मिरचीचा आडत्या. सोलापूरच्या इस्पितळात पोटाचं मोठं ऑपरेशन झालं आणि गंभीर रोग्यांच्या खोलीत आणल्यापासून तो वातात बरळत होता. रात्रभर जागायचा, दिवसा पेंगायचा, मध्येच सलाईन उपटायचा.

"भाईरची बाधा हाय ही," त्याचा धाकटा भाऊ मडिवाळप्पा म्हणाला. "आजच गाडी करतो. घरी नेऊ."

"टाके ओले आहेत. वाटेतच काही झालं तर?" जगदेवी सिस्टर म्हणाली. "बाधा नाही आणि वेडही नाही. आजारानं, जागरणानं डोकं भरकटलंय. घरचं माणूस जवळ बसणार असेल तर हात सोडते. दिवसा झोपू द्यायचं नाही. आपण कुठं आहोत, कोण आहोत, सारखं सांगत राहायचं."

शांतम्मानं आजवर दिराचा शब्द मोडला नव्हता.

"गाडी नगं," ती म्हणाली, आणि तिनं स्टूल कॉटजवळ ओढलं.

सिस्टरनं पट्ट्या सोडल्या, खिडकीचा पडदा सारला. शांतम्मानं नवऱ्याचा चष्मा पदरानं पुसून त्याच्या नाकावर बसवला. तो परक्यासारखा बघत राहिला. त्याचा हात सलाईनकडे वळला की ती तो आपल्या हातात धरून ठेवायची. पेठेतले भाव, गाईचं वासरू, सुचेल ते बोलायची. आता रात्री त्याचा डोळा लागू लागला. पण ओळख काही पटेना.

एका दुपारी तो पुन्हा पेंगू लागला.

"अवो, उठा की. सोलापूर हाय हे. इस्पितळ."

तो हलला नाही.

"नावानं हाक मारा," सिस्टर म्हणाली.

शांतम्मानं खाली मान घातली. उखाण्याखेरीज ते नाव कधी तिच्या तोंडी आलं नव्हतं, आणि दारात दीर उभा होता. तिनं डोक्यावरचा पदर सारखा केला, आणि खोली दणाणेल अशी हाक मारली.

"गुरुबसप्पा! ए गुरुबसप्पा!"

मडिवाळप्पा दचकून मागं सरला. गुरुबसप्पानं डोळे उघडले. नजर तिच्यावर थांबली, दारातल्या भावावर गेली, पुन्हा तिच्याकडे आली. कपाळावर आठ्या चढल्या.

"शांते, लाज हाय का न्हाय? धाकट्यासमोर नवऱ्याचं नाव घेतीस? आन् तेबी इस्पितळात?"

"व्हय, घेतलं," शांतम्मा म्हणाली. डोळ्यांना धार लागली होती आणि ती हसत होती. "आनिक एकदा घिऊ?"