चिन्मयचा आकडा

अनंतरावांच्या मुलानं, चिन्मयनं, कॉलेजात असताना कॉम्प्युटरवर एक खेळ बनवला होता. गल्लीत टँकर येतो, त्याच्या पाइपाखाली एकामागून एक हंडे सरकवायचे, पाणी फार सांडलं की खेळ खलास. खाली एक ओळ असे: सगळ्यांत जास्त हंडे कुणी भरले, त्याचा आकडा आणि नाव. तिथं चिन्मयचंच नाव होतं. त्याच वर्षी जालना रोडवर ट्रकनं त्याला उडवलं.

तो कॉम्प्युटर पुढं भंगारात गेला; खेळाची फ्लॉपी तेवढी देवघराच्या खणात राहिली. बरीच वर्षं लोटली. त्यांच्या पुंडलिकनगरात इमारतींची दाटी झाली, बोअर आटले, नळाचं पाणी आठवड्यातून एकदाच येऊ लागलं आणि गल्लीत खरोखरच टँकर यायला लागले. तेव्हा अनंतरावांना त्या खेळाची ओढ लागली. मोबाइलवर साधा मेसेज पाठवताना घामाघूम होणारा हा माणूस फ्लॉपी खिशात घालून दुकानं पालथी घालू लागला. बहुतेकांनी हसून वाटेला लावलं.

शेवटी पुंजाराम नावाचा दुरुस्तीवाला भेटला. त्यानं कुठूनसा फ्लॉपी वाचणारा जुना ड्राइव्ह आणून जोडला आणि अनंतरावांनी यासाठीच घेतलेल्या लॅपटॉपवर खेळ उतरवला.

"काका, हे नवं मशीन तुमच्या खेळाला ओळखीतच नाय. म्हणून आत एक प्रोग्राम टाकलाय, तो जुन्या मशीनचं सोंग घेतो. खेळाला वाटतं, आपण आपल्याच घरी हाय. फ्लॉपी मात्र मेली बरं का, आता हे एवढंच. एक कॉपी काढून देऊ का?"

"पोराची कसली कॉपी काढता हो," अनंतराव म्हणाले. जन्मभर कचेरीत कागदाच्या तीन तीन प्रती काढल्या, आणि नेमकी इथं बुद्धी फिरली!

खेळाचा वेग कमी करायचं बटणही पुंजारामनं दाखवलं होतं. मूळचा वेग म्हाताऱ्या डोळ्यांना झेपेना, म्हणून अनंतरावांनी तो पार मंद करून ठेवला. रोज दुपारी ते खेळत आणि मुद्दाम हरत. चिन्मयचा आकडा जवळ आला की हात मागं घेत, पाणी सांडू देत. पोराच्या बोटांनी मिळवलेलं जगात एवढंच उरलं होतं. ते पुसलं गेलं तर आपल्याजवळ काहीच राहणार नाही, ही त्यांची भीती. भानुमतीबाईंना खेळ पोराचा आहे एवढंच ठाऊक होतं; आपण मुद्दाम हरतो हे अनंतरावांनी सांगितलं नव्हतं. उगाच रडत बसेल, असं त्यांना वाटे.

एकदा पेन्शनच्या कामासाठी ते बँकेत गेले. परतले तर भानुमतीबाई लॅपटॉपपुढं बसलेल्या, चेहरा नुसता फुललेला. कित्येक वर्षांत त्या अशा हसल्या नव्हत्या.

"अहो, रोज किती पाणी सांडता तुम्ही! मागून बघताना जीव तुटायचा माझा. आज म्हटलं, आपणच भरावं. थेंब सांडू दिला नाही."

अनंतराव दारातच थबकले. त्यांना खालची ओळ वाचायची नव्हती, पण वाचली. आकडा बदलला होता.

"शेवटी खेळानं नाव विचारलं. माझं कशाला? एकेक अक्षर शोधून चिन्मयचंच टाकलं. बघा ना, बरोबर आहे?"

"बरोबर आहे."

"त्याचे किती हंडे होते हो?"

तो आकडा अनंतरावांना पाठ होता. पण आता तो फक्त त्यांच्या डोक्यात होता, आणि हल्ली तिथं फारसं काही टिकत नव्हतं.

"तुझ्याहून थोडे कमी," ते म्हणाले.

"मग उद्या आणखी भरते त्याच्यासाठी."

तेवढ्यात मोरीतला नळ सूं सूं करत आला. अनंतरावांनी बादली लावली आणि तिथंच स्टुलावर बसले. बादली भरली, वाहू लागली. आठ दिवसांनी आलेलं पाणी मोरीतून चाललं होतं आणि त्यांचा हात नळाकडं जात नव्हता.

"अहो, पाणी!" भानुमतीबाई आतून ओरडल्या. "पाणी चाललंय सगळं!"

"जाऊ दे," अनंतराव म्हणाले.