वाकड्या चाकाचा स्ट्रेचर

मी स्ट्रेचर बोलतोय. हो, तोच, कुईकुई करणारा! कारखान्यातून आलो तेव्हा कसा गुळगुळीत धावायचो. मग एकदा पायऱ्यांवरून घसरलो आणि पुढचं चाक वाकडं झालं. तेव्हापासून वॉर्डबॉय मला रोज शिव्या घालतो, दुरुस्त मात्र कुणी करत नाही. माणसांचं हे असंच.

त्या दुपारी माझ्यावर एक शाळकरी पोर निजली होती. पोट दुखत होतं. सोबत तिचा बाप, वसतिगृहातला स्वयंपाकी. डॉक्टरबाईंना अपेंडिक्सचा संशय होता, म्हणून त्या गुण मोजत होत्या. प्रत्येक लक्षणाला गुण, आणि शाळेच्या उलट, जितके जास्त तितकं वाईट! उजवीकडे खाली दाबल्यावर दुखलं, दोन गुण. अंगात ताप, एक.

"भूक लागते का गं?"

"लागते म्हणजे काय!" बापच बोलला. "माझ्या हातचं आहे. डबा चाटूनपुसून रिकामा आला."

"उलटी?"

"छे हो! माझ्या अन्नानं कुणाला उलटी?"

पोर छताकडे बघत राहिली. एकूण गुण तीन. रक्ताच्या तपासणीतही काही निघालं नाही. "घरी न्या," बाई म्हणाल्या, "दुखणं वाढलं तर लगेच परत या." मलाही हायसं वाटलं.

वॉर्डबॉयनं मला दाराकडे ढकललं. उंबऱ्यावर माझं चाक धाडकन आदळलं आणि पोर अशी किंचाळली की माझे स्क्रू हलले! बापरे! इतकी माणसं वाहिली मी, पण असा आवाज ऐकला नव्हता.

डॉक्टरबाई धावत आल्या. "थांबा! आणि बाबा, आता तुम्ही चकार शब्द काढायचा नाही." त्यांनी पोट हळूच दाबलं आणि हात झटकन उचलला. पोर कळवळली. "तू सांग बाळा."

"काल बेंबीपाशी दुखत होतं, मग इकडे आलं. दोनदा ओकले. डबा कुत्र्याला घातला." मग बापाकडे बघून, "तुम्हाला वाईट वाटलं असतं ना."

तिनाचे सात झाले, म्हणजे अपेंडिक्सच असणार! मी तर थिजलोच. अहो, आम्ही हिला घरी पाठवत होतो!

सोनोग्राफी झाली आणि तसंच तिला शस्त्रक्रियेला नेलं. सर्जन बाहेर येऊन म्हणाले, "फुटायच्या बेतात होतं. घरी गेली असती तर कठीण होतं." बाप माझ्यापाशी खाली बसला. माझ्या वाकड्या चाकावर हात ठेवून हुंदके देत राहिला.

पोर बरी होऊन गेली. आणि मला बक्षीस काय मिळालं? नवं चाक! आता उंबऱ्यावरून अलगद जातो, कुणी ओरडत नाही, आणि त्याचीच मला धडकी भरते. हात असते तर जोडून सांगितलं असतं. ज्याचं दुखतंय त्याला विचारा हो, त्याच्या डब्याला नको.