दोघींच्या पायांखालचा पिवळा क्रेट

मी दुधाचा एक जुना क्रेट आहे. प्लास्टिकचा, चौकोनी, चारी बाजूंनी जाळीचा आणि हळदीसारखा पिवळाधमक. म्हणजे होतो! आता सिडनीच्या उन्हाने रंग थोडा विटला आहे आणि एका कोपऱ्याला तडा गेला आहे. शिवाय माझा स्वभाव जळका आहे. मित्रांनो, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, कारण माझी सगळी गोष्ट जळण्याचीच आहे.

माझा जन्म साच्यात झाला. गरम प्लास्टिक आत शिरलं, साचा उघडला आणि धपकन मी खाली! माझी बहुतेक भावंडं निळी. पिवळे आम्ही मोजकेच. का, ते कुणी सांगितलं नाही, पण मला तेव्हापासूनच वाटायचं की आपण कुणीतरी खास आहोत. माझ्या अंगावर डेअरीचं नाव आहे आणि त्याखाली ठसठशीत अक्षरांत सूचना आहे, की हा क्रेट दुसऱ्या कामाला वापरणं गुन्हा आहे. ही सूचना या शहरात सगळ्यांनी वाचली आहे आणि एकानेही पाळलेली नाही. लोक आमच्यावर बसून कॉफी पितात, आमच्यात पुस्तकं रचतात, आम्हाला सायकलीच्या मागे बांधतात.

मी रोवीनाच्या ट्रकवर कामाला लागलो. रोवीना पहाटे तीनला उठून कॅफेंच्या दारांत दूध पोचवते. बुटकी, रुंद खांद्यांची आणि बोलायला भलती कंजूष बाई. दोन लिटरच्या नऊ बाटल्या माझ्या पोटात बरोब्बर बसायच्या. चार वर्षं मी इमानाने दूध वाहिलं. मग एका पायरीवर आपटलो आणि कोपऱ्याला तडा गेला. डेपोतला मुकादम म्हणाला, "हा मोडीत टाक." रोवीना म्हणाली, "हो," आणि मला सरळ घरी घेऊन गेली. म्हणजे मीही चोरीचाच!

तिला मी कशाला हवा होतो? मार्डी ग्रा बघायला!

मार्चच्या सुरुवातीला ऑक्सफर्ड स्ट्रीटवरून ती मिरवणूक निघते. बायकांवर प्रेम करणाऱ्या बायका, पुरुषांवर प्रेम करणारे पुरुष आणि कुठल्याच खणात न बसणारे सगळे त्या दिवशी रस्त्याच्या मधून चालतात. रोवीना लेस्बियन आहे, तेव्हा मिरवणूक तिचीच. पण चारचौघांत नाचायचं म्हटलं की तिला घाम फुटतो. तिला बघायला आवडतं. आणि बुटक्या माणसाला तिथे काय दिसतं, तर पुढच्यांच्या पाठी! म्हणून लोक क्रेट घेऊन दुपारपासूनच फुटपाथ धरतात. तिथला एक नियम आहे, कुठेही न लिहिलेला. कुणी मागितला, तर रिकाम्या क्रेटला नाही म्हणायचं नाही.

अकरा वर्षांपूर्वी रोवीना माझ्यावर उभी होती आणि मागून आवाज आला, "एक पाऊल मावेल का हो?"

जाड काचांचा चष्मा लावलेली एक उंच, हडकुळी बाई होती. तिचं नाव थिया.

रोवीना म्हणाली, "मावेल. पण पडलीस तर मला धरू नकोस."

दहाव्या मिनिटाला ती पडली, आणि तिने रोवीनालाच धरलं. त्यानंतर दोघींनी एकमेकींना सोडलंच नाही! पुढे दर मार्चमध्ये माझ्यावर चार पावलं असायची. मित्रांनो, चार पावलांचा भार काय असतो, ते तुम्हाला कसं सांगू? माझी जाळी करकरायची आणि मी मनात म्हणायचो, या रस्त्यावर माझ्यासारखा क्रेट नाही.

मग गेल्या उन्हाळ्यात, इथे तो डिसेंबरात सुरू होतो, थिया कूजीला समुद्राकाठच्या तलावात पोहायला जाऊ लागली. तिथे पोहणाऱ्या बायकांनी ठरवलं, की यंदा मिरवणुकीत आपणही नाचायचं. दर मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी सराव सुरू झाला. नाच बसवणारीचं नाव रेनाटा.

आठ आठवडे मी स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात बसून ते नाव ऐकलं. रेनाटा असं म्हणाली. रेनाटाने तसं केलं. फोनवर बोलताना थिया ओट्याला टेकून डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसायची, आणि रोवीना टोस्टला असं लोणी फासायची की टोस्टच मोडायचा.

"कोणाचा फोन?" माहीत असूनही ती विचारायची.

"रेनाटाचा. अगं, मी कालही उलटीकडेच वळले!"

"मजा आहे," रोवीना म्हणायची. पण तिच्या तोंडावर मजा अजिबात नसायची.

मला तेव्हा रोवीनाची कीव यायची. मला काय माहीत, माझीही सवत घरात यायची होती!

एके दिवशी थिया खोका घेऊन आली. आतून निघालं एक घडीचं स्टूल. अॅल्युमिनियमचं, दोन पायऱ्यांचं, पायांना रबरी बूट. "रो, यंदा मी शेजारी नाही. एकटीने त्या तडकलेल्या क्रेटवर उभी राहू नकोस. हे घे."

तडकलेला क्रेट! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. ते चकचकीत स्टूल भिंतीला टेकून उभं राहायचं आणि मला वाटायचं, ते माझ्याकडे बघून हसतंय. त्याची घडी तरी मिटू नये, असं मी रोज मागायचो. मिटायची हो! अगदी लोण्यासारखी मिटायची.

मिरवणुकीच्या दिवशी निघताना थियाने रोवीनाची हनुवटी धरली. "वळणावरच्या औषधांच्या दुकानासमोर उभी राहा. मी तिथे तुझ्याकडे बघीन आणि सगळ्यांसमोर एक चुंबन फेकीन. नक्की."

थिया गेली. रोवीनाने माझ्यात पाण्याच्या बाटल्या आणि सँडविचं भरली आणि ती स्वतःशीच पुटपुटली, "बघितलं तर ठीक. नाही बघितलं, तर काय ते समजायचं."

म्हणजे बघा, माझ्यावर पावलं नव्हती, सँडविचं होती. मी हमाल झालो होतो!

तीन वाजता आम्ही जागा धरली. रोवीना स्टुलावर चढली आणि मी तिच्या बाजूला, लोखंडी कठड्याला लागून. डबा संपला तसा मी रिकामा झालो. सावल्या लांबल्या, गर्दी दाटली. तेवढ्यात एक ठेंगणी मुलगी आली. विशीतली असेल. तिच्या केसांत फूल होतं, पण ती सारखी मागे वळून बघत होती.

"आंटी, हा रिकामा आहे का?"

"आहे. चढ. कोपऱ्यावर जोर देऊ नकोस."

"थँक्यू, आंटी! मी मालिया. माउंट ड्रुइटहून आले, ट्रेनने तासभर. घरी सांगितलंय की मैत्रिणीच्या वाढदिवसाला चाललेय." मग ती हळूच म्हणाली, "आमच्या चर्चमधलं कुणी इथे नसेल ना?"

"असलं, तर तेही वाढदिवसालाच आलेलं असेल," रोवीना म्हणाली.

मालिया इतकी हसली की मी हललो. मुलगी टोंगा बेटांवरच्या लोकांतली, त्यांच्यात सगळ्या मोठ्या बायका आंटी. तिची पावलं हलकी होती. मी जरासा सुखावलो, पण लगेच शेजारी पाहिलं, तर रोवीनाची पावलं त्या स्टुलावर! पुन्हा जळलो.

सगळ्यांत आधी मोटरसायकलवाल्या बायका आल्या. रस्ता थरथरला, लोक किंचाळले, मालिया तर उड्याच मारू लागली. रोवीनाची नजर मात्र वळणावर. मागून गट येत होते, जात होते. आणि मग चंदेरी टोप्या दिसल्या.

चाळीस बायका! सगळ्यांच्या डोक्यावर चंदेरी टोप्या, डोळ्यांवर पोहण्याचे गॉगल, अंगाला चमकी, आणि हवेत पोहल्यासारखे हात. एकीला दुसरीपासून ओळखणं कठीण. पण रोवीनाने थियाला चालीवरून ओळखलं. थियाच्या शेजारी जी सगळ्यांना ताल देत होती ती रेनाटाच असणार, आणि दोघी हसत होत्या. रोवीनाने कठडा असा आवळला की तिची बोटं पांढरी पडली.

थिया आमच्या समोर आली. मान वळवली. थांबली. दोन्ही हात ओठांना लावले आणि भलंमोठं चुंबन फेकलं.

मालियाकडे!

शप्पथ सांगतो, सरळ मालियाकडे! रोवीनाकडे तिने ढुंकूनही पाहिलं नाही. पुढच्या क्षणी ती पोहत पोहत निघून गेली.

"आंटी!" मालिया ओरडली. "पाहिलंत? मला! मला फेकलं! असं आजवर कुणी... आंटी, मला!" तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

रोवीनाने तोंड उघडलं. आता ही फाडफाड बोलणार, असं मला वाटलं. 'ती माझी आहे, ते माझं होतं.' पण तिने मालियाकडे पाहिलं आणि तोंड मिटलं.

"पाहिलं," ती म्हणाली. "छान होतं." आणि स्टुलावरून उतरली. "मला निघायला हवं. माझा क्रेट दे. तू हे स्टूल घे. ठेव तुझ्याकडेच."

"अहो, पण हे तर नवंकोरं आहे!"

"म्हणूनच."

मित्रांनो, माझ्या आनंदाला पारावार राहिला नाही! स्टूल गेलं! पण रोवीनाने मला उचललं आणि मिरवणुकीकडे पाठ फिरवली, तेव्हा माझा आनंद अर्ध्यातच थांबला.

मिरवणूक संपते त्या जागेजवळच्या एका गल्लीत भिंतीपाशी भेटायचं ठरलं होतं. रोवीना मला पालथा घालून बसून राहिली. बऱ्याच वेळाने थिया लंगडत आली. गॉगल कपाळावर, चष्मा नाकावर, चमकी कानांत.

"रो! तू होतीस कुठे?"

"स्टुलावर. तू दिलेल्या."

"मग क्रेटवर कोण होतं?"

"बघितलंस ना तिला! हात भरून दिलंस की!"

"मी काय बघणार, बाई? चष्म्याशिवाय मला समोरची म्हैस दिसत नाही. रेनाटाच्या पायावर मी तीनदा पाय दिला! मला फक्त पिवळं दिसलं. कठड्याखाली पिवळं, म्हणजे स्टूल सोडून तू क्रेटवरच चढली असणार. दरवर्षी तू आधी जागा धरतेस आणि मागून येऊन मी एवढ्या गर्दीत तुला तशीच तर शोधते!"

रोवीनाने तोंडावर हात ठेवला. मग सगळं सांगितलं. मालिया, फूल, माउंट ड्रुइट, वाढदिवस.

"मग तू तिला खरं सांगितलंस?"

"नाही."

"का गं?"

"तिचं तोंड बघायला हवं होतंस."

थिया तिच्या शेजारी माझ्यावर टेकली. मी करकरलो. मग रोवीना खाली बघत म्हणाली, "आणि रेनाटा?"

"रेनाटाचं काय?"

"तिच्याबरोबर तू हसतेस. आपल्या घरात तशी हसत नाहीस."

मला वाटलं, आता थिया म्हणेल, 'वेडी आहेस का?' ती तसं म्हणाली नाही. तिने विचार केला.

"खरं आहे," ती म्हणाली. "रो, तू आठ वाजता झोपतेस. तुला पहाटे उठायचं असतं म्हणून मी सगळी संध्याकाळ घरात चोरासारखी वावरते. चहाचा चमचासुद्धा वाजवत नाही. तिथे मोठ्याने हसता येतं. एवढंच आहे गं. पण आहे."

"मग घरी हस."

"तू उठशील."

"उठेन. मला उठव. उठवलंस तर चालेल, पण दुसरीकडे हसून आलीस की माझ्या हातून टोस्ट मोडतो."

थियाने कानातली चमकी झटकली. मग म्हणाली, "पुढच्या वर्षी आमच्यात ये ना."

"छे! मी बघणारीच बरी. सगळ्याच नाचायला लागल्या, तर तुम्ही चुंबनं फेकणार कुणाकडे?"

"पण आजचं तर तुला मिळालंच नाही."

"नाही. ते ट्रेनने माउंट ड्रुइटला गेलं."

थिया हसली. पूर्ण गल्ली वळून बघेल इतक्या मोठ्याने हसली. मग तिने चमकीने भरलेल्या हातांत रोवीनाचा चेहरा धरला. पुढचं मला दिसलं नाही, कारण मी पालथा होतो. पण चारही पावलांची बोटं जमिनीवर गच्च रोवली गेली, हे मला नीट कळलं!

तर मित्रांनो, शहाणा झालो असं मी म्हणणार नाही. मला आता त्या स्टुलाचा जास्तच हेवा वाटतो. ते मालियाच्या घरी गेलं असेल, पुढच्या मार्चला तिच्याबरोबर येईल, आणि कधीतरी तिच्या मागून कुणीतरी विचारेल, "एक पाऊल मावेल का?" ती सुरुवात त्याच्या वाट्याला येईल, माझ्या नाही!

पण घरी येताना मी रस्त्यावर शेकडो क्रेट पाहिले. निळे, काळे, हिरवे, कुणाचे कोपरे तुटलेले, कुणी पालथे. त्यांच्यावर उभं राहून लोकांनी आपापलं माणूस पाहिलं आणि मग ते तिथेच टाकून निघून गेले. पालिकेचा ट्रक त्यांना गोळा करत होता. माझी एवढीच विनंती आहे, की ज्याच्यावर उभं राहून तुम्हाला दिसलं, त्याला घरी घेऊन जा.

आणि कुणाचा हेवा वाटलाच, तर त्या माणसाला तोंडावर विचारा. मला विचारता येत नाही, मला तोंडच नाही. माझ्या अंगभर भोकं आहेत, पाणी ओता, दूध ओता, सगळं गळून जातं. ही जळजळ तेवढी आतच राहते.