पिवळी पट्टी

'सोबत'च्या कार्यालयात प्रत्येक फायलीवर कागदाची एक पट्टी चिकटवलेली असे. निळी पट्टी म्हणजे रुग्णाला आपला आजार ठाऊक आहे. पिवळी म्हणजे घरच्यांनी तो लपवून ठेवला आहे, आणि त्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही. शाहूपुरीतल्या चौथ्या गल्लीत, पंपाच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत ही संस्था होती. औषधाने बरं होण्याच्या पलीकडे गेलेल्या माणसांच्या घरी जायचं, त्यांच्या वेदना कमी करायच्या, जखमा धुवायच्या, कूस कशी बदलायची ते घरच्यांना शिकवायचं, हे तिचं काम. कपाटातल्या दहांतल्या सात फायली पिवळ्या होत्या. पिवळ्या घरी जाताना मोना सिस्टर गळ्यातलं ओळखपत्र पर्समध्ये टाकत आणि स्कूटर गल्लीच्या तोंडाशीच लावत.

पट्ट्या चिकटवायचं काम शांभवीचं. पेठ वडगावच्या कापडदुकानदाराची ही मुलगी पाच वर्षं संस्थेत फायली सांभाळत होती. फोन वाजला की ती मोनाकडे बघायची. ओळखीच्या माणसाशी बोलतानाही तिचं वाक्य अर्ध्यावर विरायचं. बैठकीत डॉक्टर अभिराम यांनी काही विचारलं, तर उत्तर ती चिठ्ठीवर लिहून पुढे सरकवायची. मोना म्हणायच्या, "शांभे, तुझं लग्न ठरलं की होकार पण चिठ्ठीवर दे."

जूनमध्ये पुण्यात समाजसेवी संस्थांसाठी विपणनाचं प्रशिक्षण होतं. संस्थेला एक जागा मिळाली, आणि जाण्यासारखं दुसरं कुणी मोकळं नव्हतं म्हणून शांभवी गेली. सहा शनिवार ती पहाटेच्या गाडीने पुण्याला जाऊन आली. पहिल्या शनिवारी निशिगंधा मॅडमनी प्रत्येकाला उभं केलं आणि आपली संस्था काय करते ते अर्ध्या मिनिटात सांगायला लावलं. शांभवीला दोन वाक्यंही जमली नाहीत. मॅडम रागावल्या नाहीत. "तुमचं काम लाजण्यासारखं आहे का?" एवढंच त्यांनी विचारलं. परतीच्या गाडीत साताऱ्यापर्यंत ती तेच अर्धं मिनिट ओठांतल्या ओठांत घोकत होती.

तिसऱ्या शनिवारी तिला जमलं. चौथ्यानंतर तिने कार्यालयातला फोन स्वतः उचलला. जुलैच्या अखेरीस व्यापाऱ्यांच्या एका मेळाव्यात ती दोनशे माणसांसमोर उभी राहिली, आणि बोलून झाल्यावर मागच्या रांगेतले एक गृहस्थ उठून म्हणाले, "माझ्या आईच्या वेळी तुम्ही का नव्हता?" घरी तिचे वडील दुकानातल्या गिऱ्हाइकांना सांगू लागले, "आमची शांभवी आता भाषणं करत्या." पाच वर्षांत ती पहिल्यांदाच मान वर करून चालते आहे, हे मोनांच्या लक्षात आलं होतं.

शेवटच्या शनिवारसाठी एक खरी गोष्ट लिहून न्यायची होती. एकच माणूस, एकच चित्र, आणि पहिली ओळ अशी की फोनवर सरकणारं बोट थांबलं पाहिजे. शांभवीने शांतादेवींची फाईल काढली.

शांतादेवींना सगळे आक्का म्हणत. शुक्रवार पेठेत मुलगा मल्लेशकडे त्या राहायच्या. माहेर संकेश्वरचं, त्यामुळे बोलण्यात मधूनच कानडी. स्वादुपिंडाचा कर्करोग होता. त्यांना सांगितलं होतं, आतड्याला सूज आहे, दिवाळीपर्यंत उतरेल. शांभवी मोनांबरोबर नोंदी घ्यायला जायची आणि आक्का तिला चिंच फोडायला बसवून घ्यायच्या.

"काय गं, नुसतं लिवतीस. बोलत न्हाईस. मुकी हायस व्हय?"

"नाही आक्का."

"मग बोल की. मी काय खाती तुला?"

पुण्याला जायला लागल्यावर ती बोलू लागली तेव्हा सगळ्यांत जास्त आनंद आक्कांना झाला होता.

तिने आक्कांच्या हातांचा फोटो काढला. चिंचोके काढणारे हात, मनगटावर हिरवं गोंदण, डाव्या हाताची वाकडी करंगळी. चेहरा नाही. नाव बदलून लक्ष्मीबाई केलं. परवानगीच्या कागदावर 'रुग्ण अथवा नातेवाईक' असं छापलेलं होतं. पिवळ्या पट्टीच्या घरी सही नातेवाइकाचीच घ्यायची, हा संस्थेचा शिरस्ता. मल्लेशने आपल्या दुकानात उभ्या उभ्या सही केली. "नाव न्हाय ना येत? मग घाला की."

शांभवीने लिहिलं : 'लक्ष्मीबाईंना अजून कुणी सांगितलेलं नाही. त्यांच्याकडे चार महिने आहेत. तोवर त्यांना दुखू नये, एवढंच आम्ही बघतो.'

निशिगंधा मॅडमनी पहिली ओळ वर्गात दोनदा वाचून दाखवली. डॉक्टरांनी मजकूर बघितला, मोनांनी बघितला. कुणालाच त्यात काही वावगं दिसलं नाही. पिवळ्या पट्ट्यांच्या सहवासात इतकी वर्षं गेली होती की रुग्णाला माहीत नसणं ही त्यांच्या लेखी त्याच्या वयासारखी किंवा पत्त्यासारखी एक नोंद झाली होती.

ऑगस्टच्या अखेरीस मजकूर संस्थेच्या पानावर आला आणि आठवड्यात जिल्हाभर फिरला. फोन थांबेना. चाळीस माणसं आठवड्यातून एक दिवस द्यायला तयार झाली. इचलकरंजीच्या एका कारखानदाराने रुग्ण झोपवून नेता येईल अशी गाडी दिली. ऑक्टोबरमध्ये डॉक्टरांनी शांभवीला संपर्क प्रमुख म्हणून नेमल्याचं पत्र दिलं. पत्र घेताना तिने धन्यवाद मोठ्याने म्हटलं.

त्यानंतरच्या सोमवारी मल्लेशचा फोन आला. तो ओरडत होता, म्हणून आधी काही कळलंच नाही. इचलकरंजीच्या एका भाचीने आक्कांच्या फोनवर तो मजकूर धाडला होता. वर लिहिलं होतं, 'मावशी, हे हात तुझ्यासारखेच आहेत की!' आक्का चौथीपर्यंत शिकलेल्या. त्यांनी तो सावकाश, एकेक अक्षर लावत वाचला होता.

"तुमी कुणी आमच्या दारात पाय ठिवायचा न्हाय," मल्लेश म्हणाला. मग त्याचा आवाज बसला. "पण ती म्हणत्या, लिवणाऱ्या पोरीला बोलवा. जेवण सोडलंय तिनं सकाळपास्नं."

डॉक्टर म्हणाले, "मी जातो. हे सांगणं माझं काम आहे."

"लिहिलं मी आहे," शांभवी म्हणाली. पूर्वी तिने हे चिठ्ठीवरसुद्धा लिहिलं नसतं.

आक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या. दोन आठवड्यांत त्या अर्ध्या झाल्या होत्या. मल्लेश दाराशी उभा राहिला, मोना पायाशी बसल्या. आक्कांनी फोन शांभवीपुढे धरला.

"वाच."

"आक्का..."

"वाच की. पुण्यात शिकलीस न्हवं?"

तिने वाचलं. इतक्यांदा वाचलेला मजकूर, त्यामुळे आवाज कुठे अडखळला नाही, आणि ते न अडखळणंच तिला ऐकवेना.

"चार म्हैनं," आक्का म्हणाल्या. "कवापास्नं मोजायचं?"

मोनांनी शांभवीकडे बघून मान हलवली. नको. मल्लेश म्हणाला, "आई, ते काय बी लिवत्यात. लोकांनी वाचावं म्हणून."

"तू गप. तुला न्हाय इचारलं." आक्कांचे डोळे शांभवीवरून हलले नाहीत. "समद्या जिल्ह्याला सांगितलंस. मला सांगायला तुझी जीभ झडली हुती व्हय गं?"

"लिहिलं तेव्हा ऑगस्ट होता," शांभवी म्हणाली.

आक्कांनी बोटांवर मोजलं. "मजी आता दोन."

"दोनही नसतील, आक्का. आजार भरभर वाढलाय."

मल्लेश बाहेर निघून गेला. बाहेरच्या खोलीत कसलं तरी भांडं पडलं. आक्कांनी फोन पालथा करून अंथरुणावर ठेवला. मग त्यांनी जे विचारलं त्याची शांभवीने तयारी केलेली नव्हती.

"संकेश्वर किती लांब हाय इथनं? गाडीनं?"

त्यांचा धाकटा भाऊ बसाप्पा संकेश्वरला होता. अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. त्याच्या मुलीच्या लग्नात मानपानावरून खटकलं आणि आक्कांनी आहेराचं लुगडं भर मांडवात त्याच्या अंगावर परत फेकलं होतं. चूक आपली, हे त्यांना त्याच वर्षी कळून चुकलं होतं. पण माफी मागायची तर आपण होऊन, आपल्या पायांनी त्याच्या दारात जाऊन, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. उन्हाळ्यात दुखणं सुरू झालं. मग ठरलं, बरं वाटलं की जायचं. दिवाळीत.

"ऑगस्टात मी दारापतुर चालत जात हुते," त्या म्हणाल्या. "तवा सांगितलं असतंस, तर गेले असते की गं. यष्टीनं गेले असते." त्यांचा आवाज चढला नाही. "मला काय मरायचं भ्या हाय व्हय? तम्माकडं, माझ्या धाकट्या भावाकडं जायचं हुतं मला."

डॉक्टरांनी प्रवासाला नकार दिला. शांभवी त्यांच्या खोलीत गेली आणि उभ्यानेच बोलली : नवी गाडी आक्कांच्याच गोष्टीवर आली आहे, मोना बरोबर येतील, दुखण्याचं औषध हाताशी राहील, आणि आता नाही तर कधीच नाही. मुद्दे नेमके होते. डॉक्टरांनी होकार दिला.

तेवढंच करून ती थांबली नाही. आक्कांना न विचारता तिने बसाप्पांना फोन लावला. अनोळखी माणसाशी पहिल्या दहा सेकंदांत कसं बोलायचं ते आता तिला येत होतं.

"संस्थेकडनं बोलताय? त्या लक्ष्मीबाईचं तुमीच लिवलंय न्हवं?" पलीकडून बसाप्पा म्हणाले. "वाचलं की मी. लई वाईट वाटलं. फुडं बी धाडलं दहा जणांस्नी."

शांभवीने त्यांना ते हात कुणाचे ते सांगितलं.

 बसाप्पांनी एवढंच विचारलं, "कवा येताय?"

बुधवारी सकाळी गाडी निघाली. आक्कांनी इरकली लुगडं नेसवून घेतलं होतं. गाडीच्या दोन्ही बाजूंना ठळक अक्षरांत 'सोबत' लिहिलेलं होतं आणि ती पहिल्यांदाच शुक्रवार पेठेत थेट दारापर्यंत आली. शेजारणी बघत उभ्या होत्या. "बगू दे," आक्का म्हणाल्या. "समद्यास्नी म्हाईतच हाय."

कागलच्या पुढे रस्त्याचे धक्के त्यांना सोसवेनात. मोनांनी औषध दिलं, दहा मिनिटं गाडी कडेला उभी केली, पुन्हा निघाले. दोन किलोमीटर गेल्यावर आक्कांच्या तोंडून जो आवाज आला तो ऐकून ड्रायव्हरने न विचारताच वेग कमी केला. मोनांनी नाडी बघितली, रक्तदाब घेतला, दुसरं इंजेक्शन भरलं.

"फिरवा गाडी," त्या म्हणाल्या.

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "न्हाय. मी जाणार." त्यांनी शांभवीचं मनगट धरलं. पकडीत जोर असा नव्हताच. "तू सांग हिला. तू बोललीस की ऐकत्यात समदी."

शांभवीने मोनांकडे बघितलं. तिथे कुठलाही मुद्दा चालणार नव्हता. गाडी फिरली. इंजेक्शनचा अंमल चढेपर्यंत आक्का खिडकीकडे तोंड करून होत्या.

शांभवीने गाडीतूनच फोन करून कळवलं, आणि बसाप्पा त्याच दुपारी शुक्रवार पेठेत आले. फेटा हातात, अंगरख्याची वरची गुंडी उघडी. आक्का ग्लानीत होत्या, श्वास लांब आणि मधेच थांबणारा. मोनांनी बसाप्पांना खुर्ची दिली. ते पलंगाशी उभेच राहिले.

"ही झोपल्या व्हय?"

"ऐकू येत असेल त्यांना," मोना म्हणाल्या. "बोला तुम्ही."

बसाप्पा शांभवीकडे वळले. "बाई, तुमीच सांगा की हिला. माझ्या मनात काय न्हाय म्हणावं. तुमास्नी चांगलं बोलाय येतंय."

शांभवीला सांगता आलं असतं. वाक्यं तिच्या तोंडाशी आली होती आणि ती चांगली होती.

"नाही काका," ती म्हणाली. "आजपर्यंत यांच्याबद्दल सगळ्यांशी मीच बोलले. आता तुम्ही बोला."

ती बाहेरच्या खोलीत जाऊन मल्लेशजवळ बसली.  आत खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"अक्का, नानु बंदिनि," बसाप्पा म्हणाले. "मी आलोय गं."

त्यानंतर मात्र ते थांबले नाहीत. माफीचं, लुगड्याचं त्यांनी काहीच काढलं नाही. लग्न झाल्यावर काय काय घडलं ते वर्षावार सांगू लागले. पोरगी नांदायला गेली, तिला पहिला मुलगा झाला, वेशीजवळचा आंबा वाऱ्याने पडला. शेजारचा गुरसिद्धाप्पा गेला, त्याच्या बायकोने दुभती म्हैस विकली. मधेच कानडी, मधेच मराठी. थोरल्याने घर बांधायला काढलं. महापुरात तळघरात पाणी आलं. मल्लेश गुडघ्यांत मान घालून ऐकत होता.

पाऊण तासाने मोना दारात आल्या. "श्वास थांबला," त्या हळूच म्हणाल्या. शांभवी उठली, आणि मल्लेशही उठला.

आत बसाप्पा बहिणीचा हात हातात घेऊन, जमिनीकडे बघत बोलत होते. ते करोनाच्या पहिल्या वर्षापर्यंत आले होते. कोण कोण दवाखान्यात गेलं, कोण परत आलं, एकेकाचं नाव घेऊन सांगत होते. अजून निम्मी वर्षं राहिली होती. त्यांना थांबवायला हवं होतं. मोनांनी शांभवीकडे बघितलं. शांभवी दारातच उभी राहिली, आणि ते सांगत राहिले.