जास्तीचे चार चमचे

माझी जीभ मेली गप्प बसेल तर ना! दिवसभर औषधाच्या दुकानात उभं राहून लोकांना 'सकाळी एक, रात्री एक, जेवल्यावर' सांगते, ती खोड घरी आल्यावरही जात नाही. दादा तर मला मास्तरीणच म्हणतो.

दादा लिफ्ट दुरुस्त करतो आणि उरलेल्या वेळात पळतो. डोंगरातली ही सत्तर किलोमीटरची शर्यत त्याने तीनदा अर्धवट सोडली होती. तिन्ही वेळा तेच झालं. सुरुवातीला सुसाट सुटायचा, खायचं-प्यायचं विसरायचा आणि मग कोसळायचा. यंदा शेवटचीच संधी होती, कारण त्याची नजर कडेने जात चालली आहे. समोरचं दिसतं, बाजूचं नाही. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं, पुढच्या वर्षी दगडधोंड्यांत पाऊल टाकायचं नाही.

म्हणून या खेपेला त्याने सगळं मोजूनमापून ठरवलं. चढ चालायचा, उतार हलकेच पळायचा, सपाटीवर गप्पा मारता येतील एवढाच वेग. अर्ध्या तासाला दोन घास खायचे, पंधरा मिनिटांनी ताकदीच्या साखर-मिठाच्या पावडरीचं पाणी दोन घोट प्यायचं. तक्ता लिहून त्याची एक प्रत माझ्या हातात दिली. डोळ्यांमुळे साधारण अर्ध्या वाटेपासून सोबत घ्यायची परवानगीही मागून घेतली. ती सोबत म्हणजे मी.

बत्तिसाव्या किलोमीटरला शाळेच्या व्हरांड्यात मी त्याची पिशवी घेऊन उभी होते. पठ्ठ्या ठरल्यापेक्षा बावीस मिनिटं आधी हजर! "मास्तरीण, आज पाय शहाण्यासारखे वागतायत," म्हणाला आणि मोजे बदलायला बसला. "पिशवीतल्या बाटल्या भर पटकन."

बाटल्या काळ्या, आतलं काही दिसायचं नाही. मी तक्ता बघितला. एका बाटलीला दोन चमचे. पावडरीचा डबा पिशवीतच होता. मी दोन्ही बाटल्यांत दोन-दोन चमचे टाकले, पाणी भरलं, खळखळून हलवलं. डोकावून बघायचं काही मनातच आलं नाही. निघालो.

पहिला तासभर झकास गेला. मग तो म्हणाला, "फार गोड लागतंय गं."

"नाटकं करू नकोस. पी."

घड्याळ माझ्या हातात होतं. पंधरा मिनिटं झाली की मी ओरडायचे, तो निमूट प्यायचा. एक्केचाळिसाव्या किलोमीटरला पोट दगडासारखं झालंय म्हणाला, बाटली परत खोचायला लागला. मी कसली ऐकतेय! "मागच्या वेळी पिणं सोडलंस आणि काय झालं? तोंड उघड." त्याने उघडलं.

पुढच्या चढावर त्याने सगळं ओकून टाकलं. गुडघ्यांवर हात ठेवून बराच वेळ वाकून उभा राहिला. मग तोंड पुसत म्हणाला, "पावडर रात्री मी स्वतः मोजून बाटल्यांत भरून ठेवली होती. दोन-दोन चमचे. तुला नुसतं पाणी घालायचं काम उरावं म्हणून. मग चुकलं कुठे?"

मी बाटली त्याच्या हातातून काढून घेतली. "पावडर खराब असेल," म्हणाले आणि दोन्ही बाटल्या झाडीत ओतल्या. तेव्हाच बोलायला हवं होतं. पण वाटलं, अजून वेळ हातात आहे, नुसत्या पाण्यावर सावरेल. झऱ्याचं पाणी पाजलं, तेही पोटात राहिना. केळ्याचा घास तोंडातल्या तोंडात घोळवत राहिला आणि शेवटी थुंकला. उतारसुद्धा तो चालायला लागला. मी पुढून "दगड आहे, खड्डा आहे" सांगत होते आणि घड्याळाकडे बघायची हिंमत होत नव्हती.

पुढचा टप्पा चारला बंद होणार होता, त्यानंतर येणारा शर्यतीतून बाद. आम्ही चार वाजून नऊ मिनिटांनी पोहोचलो. टेबलापाशी बसलेल्या बाई उठल्या, "सॉरी हं," म्हणाल्या आणि त्याच्या मनगटावरची पट्टी कात्रीने कापली.

बाकावर बसून त्याने बूट सोडले. मला वाटलं आता हा रडणार. पण चेहरा अगदी शांत होता. "होत नाही गं माझ्याने," म्हणाला. "या वेळी काही कसर ठेवली नव्हती. शरीरच नको म्हणालं. बरं झालं, आता डोक्यातून भूत उतरलं."

ती शांती मला बघवेना. त्याने मला दोन शिव्या घातल्या असत्या तर किती बरं झालं असतं! मी म्हणाले, "दादा, पावडर मीही टाकली होती. तू भरलेल्यावर. चार चमचे जास्तीचे."

त्याने हातातला बूट खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "आत्ता कशाला सांगितलंस?"

"मग काय लपवून ठेवू?"

"जमत नाही म्हणून राहिलं, एवढं मी गिळलं होतं. जमत होतं, हे घेऊन मी आता काय करू?"

माफी मागायला तोंड उघडलं तर त्याने हातानेच थांबवलं. थोड्या वेळाने, शर्यत सोडलेल्यांना परत न्यायला बस आली. तो आधी चढला, खिडकीपाशी बसला आणि शेजारच्या सीटवर बॅग ठेवली.